गळाची काठी सांधली

बाबा, आज मालकाच्या पोराची मासे धरायची काठी मोडली आणि मले तुमचा राग आला. तुम्हाले जाऊन एवढी वरसं झाली, तरी हा राग शिळा होत नाही. मी गोव्यात आहे, खाडीकाठच्या एका हॉटेलात. खुर्च्या उचलतो, पंप दुरुस्त करतो, पडेल ते काम. याच्या आधी सुरतेत होतो, त्याच्या आधी पुण्यात. माय फोनवर म्हणते, तुझ्या पायाले भिंगरी हाय.

तुमची काठी बांबूची होती, भुंगा लागू नये म्हणून अंधाऱ्या पाखात, अमावस्येकडं, तोडलेली. खाणीले सुट्टी असली की ती खांद्यावर टाकून तुम्ही वर्धा नदीच्या डोहावर जायचे, एकटेच. मी मागं लागलो की म्हणायचे, "पोट्टे बोलतात, मासे पळतात." मी तोंडावर हात ठेवून दाखवायचो, तरी नाही. मग एकदा तुम्ही ड्युटीवर असताना मी काठी घेऊन गेलतो. गळ बाभळीच्या मुळात अडकला, मी ओढला, काठी मधातून मोडली. संध्याकाळी तिच्याच तुकड्यानं तुम्ही मले झोडपलं. काहून नेली, एवढं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

ती रात्र अजून दिसते: मी खाटेवर पालथा पडलो आहे, माय पाठीवर हळद लावून राह्यली. तुम्ही ओट्यावर बसून कामट्या तासता. मोडल्या जागेवर त्या चारही अंगांनी बसवता, दोऱ्याले मेण घासता आणि वेढ्याले वेढा भिडवत गुंडाळत जाता. एवढ्या मायेनं तुम्ही कशाले हात लावलेला मी पाह्यला नव्हता. माय म्हणाली, "पोराच्या पाठीकडं तं पाहा." तुम्ही मान वर न करता म्हटलं, "पाठ आपोआप भरते. काठी नाही भरत."

पुढच्या सुट्टीले मी नवा शर्ट घालून दारात उभा होतो. तुम्ही माझ्या बाजूनं काठी सांभाळून नेली, दाराले लागू नये म्हणून. वर्षभरात तुम्ही तापानं गेले. भांडायलेही उरले नाही.

आजची काठी फायबरची, आतून पोकळ. मी आत कामटी तासून बसवली, गोंद भरला, वरून दोरा गुंडाळला, वेढ्याले वेढा. मालकानं वाकवून पाह्यली, खुश झाला. विचारलं, किसने सिखाया? मी म्हटलं, किसी ने नहीं. खोटं नाही बोललो. शिकवलं कुठं तुम्ही? पडल्या पडल्या दिसलं, तेवढं घेतलं.

मग तो म्हणाला, रविवारी आमच्यासंग खाडीवर चल, एक काठी तू धर. आजवर मले असं कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, काम आहे.

काम काही नाही, बाबा. रविवारी मी रिकामाच असतो. हे पत्र टाकायले पेटी नाही म्हणून खरं ते लिहून टाकतो. मले काठी सांधता येते, गळ टाकता येत नाही. गांडूळ कसं ओवतात, मासा लागला हे हाताले कसं समजते, काहीच माहीत नाही. आणि ते दुसऱ्या कोणापाशी शिकायले माझं मन अजूनही तयार होत नाही.