अक्का, मी परत आलोय

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावण वद्य चतुर्थी, सकाळी

तीर्थरूप सौ. लीलाअक्का हिचे चरणी,

धाकटा भाऊ गुरुप्रसाद याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा अजून वाकत नसल्याने आठातली सात अंगंच जमिनीला टेकतात, तेवढं सांभाळून घे.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी साखर कशी आहे? पिराजीदाजींचा खोकला कमी झाला का? हीच चौकशी मी गेल्या अकरा दिवसांत फोनवर अकरा वेळा केली. दर वेळी तू फोन दाजींच्या हातात देतेस आणि दाजी बिचारे "बरं हाय, बरं हाय" म्हणून ठेवून देतात. एकदा तर साखर कसली विचारली हे न कळून त्यांनी मला रेशनचा भाव सांगितला. म्हणून हे पत्र. पत्र तू फाडणार नाहीस. वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून, वाचून मगच चुलीत घालायचीस, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

तू माझ्याशी का बोलत नाहीस हे मला माहीत आहे, आणि तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी सात वर्षांचा आणि तू पंधराची असताना आबा "जोतिबाला जाऊन येतो" म्हणून घरातून गेले. आठ महिन्यांनी मनालीहून त्यांचं एक कार्ड आलं: 'मी खुशाल आहे. इकडे डोंगर फार आहेत. मुलांस आशीर्वाद.' त्यानंतर पन्नास वर्षं काही नाही. (आबांना भूगोल चांगला होता असं आई म्हणायची. पण 'डोंगर फार आहेत' एवढ्यावर मी पाचवीच्या पोरालाही पास केलं नसतं.) आईला आणि मला तूच सांभाळलंस. त्यामुळे शाळेतून निवृत्त झाल्या झाल्या मी जेव्हा जाहीर केलं, की पाठीवर पिशवी घेऊन, एकटा, मनालीवरून हंपट्याची खिंड चढून, चंद्रतालावरून पुढं बारालाच्याच्या खिंडीपर्यंत चालत जाणार, तेव्हा तू जे बोललीस ते रीतीचंच होतं. "आबा गेलं डोंगरात, ते काय आलं न्हाईत. आता तू जा. परत आलास तर माझ्याशी बोलू नगंस, आणि न्हाय आलास तर बोलायचा प्रश्नच मिटला." यातली पहिली अट मी पाळली, म्हणजे परत आलो. दुसरी तू पाळते आहेस. पण त्यामुळे घरात जो पेच झालाय तो तुला कुणी सांगितलेला दिसत नाही.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. लांबच्या यात्रेहून आलेल्या माणसाच्या पायावर बहिणीनं उंबऱ्याबाहेर पाणी घालायचं आणि मगच त्यानं आत पाऊल टाकायचं. ही रीत आईनं वर्षाराणीला शिकवली, आणि माझी बायको ही शिकलेलं विसरणारी बाई नाही. मी रिक्षातून उतरलो तर ती दारात आडवी. अक्का येऊन पाणी घालीपर्यंत पुढच्या दारानं यायचं नाही. मी म्हटलं, अगं ही यात्रा नव्हे, हा ट्रेक. तर म्हणाली, "चपला झिजल्या म्हंजे यात्राच की." तेव्हापासून अकरा दिवस मी बोळातून, न्हाणीघराच्या दारानं घरात येतो-जातो. एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस रोज सकाळी बंबाला वळसा घालून पेपर आणायला जातो. शेजारच्या जोतीरामची समजूत अशी, की आम्हा नवरा-बायकोचं काही बिनसलंय. तो रोज संध्याकाळी माझी समजूत काढायला येतो, आणि माझ्या मानासाठी तोही मागच्याच दारानं येतो.

आता मी काय पाहिलं ते सांगतो, कारण घरात कुणी ऐकून घेत नाही. एकट्या माणसानं पाठीवर पंधरा किलोपेक्षा जास्त ओझं नेऊ नये असं सगळे जाणकार सांगतात. माझी पिशवी बावीस किलोची झाली. त्यात तंबू दोन किलोचा आणि मंगळवार पेठ नऊ किलोची. निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर काही ना काही देऊन गेलं: कांदा-लसूण चटणी, शेंगांची चटणी, धपाटे, तिळाच्या कडक भाकऱ्या, आणि जोतीरामकडून भडंगाच्या सहा बंद पिशव्या. नको म्हणायची आपल्यात पद्धत नाही. दिलेलं वाटेत टाकायचीही नाही. दुसऱ्या मुक्कामाला, हंपट्याच्या पायथ्याशी, मी तंबूत अंग टाकतो न टाकतो तोच उशाला फट्ट असा आवाज झाला. मी पालथा पडून राहिलो. दुसरा आवाज झाला. तिसऱ्याला डोळ्यांत तिखट गेलं तेव्हा कळलं, की उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यानं भडंगाच्या पिशव्या फुगून फुटतायत. 'समुद्रसपाटीपासून वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. कारण द्या.' हा प्रश्न मी एकतीस वर्षं दोन मार्कांना घातला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला भोपळा मिळाला. पुढचे चार मुक्काम मी भडंगात झोपलो. अंगाला अजून हळदीचा वास येतो.

खिंड चौदा हजार फुटांवर आहे. शेवटच्या चढाला एक पाऊल टाकायचं आणि पाच वेळा श्वास घ्यायचा, असा हिशेब पडतो. वर पोचलो, चहूकडे बर्फाचे सुळके उभे, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आलो बघा!" बघायला कुणी नव्हतं. एकट्यानं डोंगर चढण्यातली खरी अडचण थंडी नव्हे आणि ओझं नव्हे. चढलो हे सांगायला माणूस नसतो, ही आहे. कोल्हापूरच्या माणसाचं श्वासावाचून थोडा वेळ भागेल, पण सांगितल्यावाचून नाही. मग मी तिथल्या दगडांच्या राशीला सगळं सविस्तर सांगितलं, अगदी वर्षाराणी स्टेशनवर काय म्हणाली तेसुद्धा, आणि उतरलो.

चंद्रतालाबद्दल मात्र थट्टा करवत नाही. अक्का, मी आयुष्यभर फळ्यावर निळ्या खडूनं सरोवर काढलं आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. ते सगळं खोटं होतं. त्या पाण्याचा रंग मला सांगता येत नाही. सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, आणि ढग आला की शिसवी लाकडासारखा काळा. मी काठावर अर्धा दिवस बसलो आणि मला रडू आलं. कशाचं ते तेव्हा कळलं नाही.

तिथून पुढं चार दिवसांच्या वाटेवर गाव नाही, टपरी नाही. माणूस भेटला तो एकच, सत्तरीचा एक मेंढपाळ. त्याची हिंदी डोंगरी आणि माझी कोल्हापुरी. सकाळी आठाच्या सुमारास तो माझ्या तंबूपाशी आला, आधी सूर्याकडे हात केला, मग समोरच्या नदीकडे, मग पाची बोटं एकत्र करून घाईघाईनं हलवली. मला वाटलं, पावण्याला भूक लागलीय. आता दारात आलेला माणूस (मग दार तंबूचं का असेना, आणि डोंगर त्याचा का असेना) जेवल्याशिवाय कसा जाऊ द्यायचा? मी त्याला हाताला धरून बसवलं आणि पिठलं-भात टाकला. तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तापत नाही, त्यामुळे भात शिजत नाही. (हाही प्रश्न मीच घालायचो.) तीन तास भात रटरटत होता. तो मधूनमधून उठून सूर्य दाखवायचा, मी त्याला पुन्हा बसवायचो. शेवटी त्यानं अर्धाकच्चा भात गुमान खाल्ला, पुन्हा नदीकडे हात केला, आणि मी त्याला आणखी वाढलं. बर्फाची नदी उन्हानं फुगत जाते, ती अकराच्या आत ओलांडायची असते, एवढंच तो बिचारा सांगायला आला होता हे मला दुपारी एक वाजता, नदीचा आवाज ऐकून समजलं. मग मी नदी ओलांडली. नवे बूट भिजू नयेत म्हणून गळ्यात अडकवले होते आणि पायात कापशी चपला घातल्या होत्या. त्यातली डावी नदीनं ठेवून घेतली. त्याविषयी जास्त लिहीत नाही. पुढं सूरजताल पाहिला, बारालाच्याच्या खिंडीत सडक लागली, एका ट्रकवाल्यानं मनालीला सोडलं, आणि तिथून घरी आलो. एकटा गेलो आणि एकटा आलो.

तरी येत्या रविवारी तू आणि दाजींनी यावं, माझ्या पायावर तांब्याभर पाणी घालावं आणि मला माझ्या घरात घ्यावं. बोलली नाहीस तरी चालेल. पाणी घालायला बोलावं लागत नाही. दाजींना नमस्कार, तुझ्या रागालाही नमस्कार.

तुझा,
गुरू

ता. क. वर शेवटी 'एकटा' असं दोनदा लिहिलंय, ते खोडावं लागेल. मी नदीच्या मध्यावर पाय घसरून पडलो. पाणी छातीपर्यंत आलं, पिशवीनं मला खाली ओढलं, आणि आता आपण जातो असं मला स्पष्ट वाटलं. अशा वेळी माणसाच्या तोंडी देवाचं नाव येतं म्हणतात. माझ्या तोंडी देव आला नाही, आईही आली नाही. मी "अक्काऽऽ" म्हणून ओरडलो. तो मेंढपाळ काठावरून काठी घेऊन पाण्यात उतरला, माझी मान धरली आणि पलीकडच्या काठाला ओढत नेलं. अर्धाकच्चा भात खाऊन एवढी ताकद कुठून आली देव जाणे. माझं नाव अक्का आहे अशी त्याची समजूत झाली. संध्याकाळभर मला तो त्याच नावानं चहा देत होता, आणि सकाळी निघताना "अक्काजी, राम राम" म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

ता. क. दुसरा. अक्का, मी तलाव बघायला गेलो हेही अर्धंच खरं आहे. माझ्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आबांचा फोटो होता, लग्नातला, कडेनं कापलेला. मनालीत दाखवला, वाटेत दाखवला, आणि शेवटी त्या मेंढपाळाला दाखवला. त्यानं तो शेकोटीपाशी धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "कितने साल?" मी म्हणालो, पन्नास. त्यानं फोटो परत दिला आणि माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला. तेव्हा मला चंद्रतालावरचं रडू कळलं. आबा आज सत्त्याऐंशींचे असते. ते नाहीत, अक्का. मी त्या डोंगरात दहा दिवस चाललो, तरणाताठा माणूसही तिथं दुसऱ्याच्या हाताशिवाय टिकत नाही. आपण आईचं दर वर्षी अविधवा नवमीला करतो, कारण आबा आहेत असं तू धरून चालतेस. भटजींनी आबांच्या श्राद्धाचं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू त्यांना दारातून परत लावलंस. या भाद्रपदात सर्वपित्रीला आबांचं पान वाढू दे. मी करीन, पण तू हो म्हटल्याशिवाय करणार नाही. आणि एक. त्या सकाळी तू त्यांना भाकरी बांधून दिलीस म्हणून ते गेले, असं तुझ्या मनात आहे. तू हे मला कधी सांगितलं नाहीस, पण तापात बरळताना एकदा बोललीस. भाकरी दिली नसतीस तरी ते गेलेच असते. उपाशी गेले असते, एवढाच फरक.

ता. क. तिसरा. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. पोस्टाला चार दिवस लागतील आणि तेवढा दम मला नाही. आत्ता दुपारचे साडेबारा वाजलेत, मी कबनूरला तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसून हे लिहितोय आणि फटीतून आत सरकवतोय. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला, तेव्हा घरी नाहीस असं दाजींकडून सांगून पाठवू नकोस. दाजी इथंच माझ्याशेजारी उभे आहेत. तू आतून बोललीस तर ऐकू यावं म्हणून त्यांनी शेजारच्या आपल्या शेडातले आठही यंत्रमाग चालू पाळीत बंद केलेत. कामगार बाहेर येऊन उभे राहिलेत आणि गल्लीत एवढी शांतता कधी नव्हती असं म्हणतायत. दार उघडायचं तर उघड, नाहीतर राहू दे. पण नदीत मी तुला हाक मारली होती अक्का, आता तू ओ दे.