गोधडीतली लाल जर्सी

अल मजाज, शारजा
२० नोव्हेंबर २००९

चि. ओवी हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मला विसरली असशील म्हणून ओळख करून देते. मी नर्मदा, तुझ्या बापाची आई. खालिद तलावासमोर अकराव्या मजल्यावर राहते. तुझी वेणी शाळा संपेपर्यंत मी घातली. शिकायला कार्डिफला गेलीस त्याला दोन महिने झाले, एक पत्र नाही. फोनवर नुसतं ‘ओके आजी, ओके आजी’ करतेस, ते धरून ठेवता येत नाही. पत्र उशीखाली राहतं. वाचता आलं नाही तरी हात फिरवता येतो. नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि तुझी आई अनुपमा लिहिते आहे. स्वतःबद्दलचं ती गाळते, म्हणून शेवटी सगळं वाचून घेणार आहे.

इकडे मंदीने खलास आहे सगळं. तुझा बाप सूर्यकांत रोज सकाळी इन्शाल्ला म्हणत ऑफिसला जातो, म्हणजे नोकरी आहे असं समजायचं. खिडकीतल्या क्रेनी वर्षभरात हललेल्या नाहीत. मजल्यावर सहा घरं होती, आता दोन घरांत दिवा लागतो. जाणारा प्रत्येकजण जुन्या कपड्यांचं गाठोडं देऊन जातो, आजी, गोधडीला होतील. शेजारची शहनाझही देऊन गेली. एखाद्या बोहारणीला लाज वाटेल एवढी गाठोडी जमली.

सगळ्यांत जास्त आठवण येते ती समोरच्या दारातल्या, वेल्सच्या इदवालची. फेब्रुवारीत त्याच्या बांधकाम कंपनीने काम थांबवलं आणि चोवीस वर्षं इथे राहिलेला माणूस महिन्याच्या आत दोन बॅगा घेऊन गेला. संध्याकाळी तलावाकाठच्या बाकावर तो मला त्याच्या देशाकडून खेळलेल्या रग्बीच्या मॅची सांगायचा. निम्मं इंग्रजी, निम्मं साइटवरचं हिंदी. बाक तिथेच आहे. मी बसते, पण एका टोकाला बसायची सवय जात नाही.

तुझ्या बाबाने पत्ता काढला आहे. त्याचं गाव तुझ्या कार्डिफहून तासाभरावर आहे. जाऊन ये, गुडघा कसा आहे विचार.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र वाढव.
तुझी आजी

कार्डिफ
६ डिसेंबर २००९

ती. आजीस ओवीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू चांगली आठवतेस. वेणी घालताना केस ओढायचीस ते जास्त आठवतं. माझं मराठी शुक्रवारच्या क्लासचं आहे, आईने चुकांना लाल पेन लावू नये.

इदवाल अंकल स्टेशनवर आले होते. लंगडतात, पण ‘अम्मा को बोलो फर्स्ट क्लास’ असं सांगायला सांगितलं आहे. शाळेची व्हॅन चालवतात. गावातली मुलं त्यांना व्हॅनवाले म्हणूनच ओळखतात. चढावर चालता चालता त्यांनी सगळी career सांगितली. सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर कोळशाच्या खाणीत उतरले. दिवसा जमिनीखाली, संध्याकाळी मैदानावर. तेव्हा खेळाडूला काही मिळत नसे, बसचं भाडं आणि मॅचनंतरचं जेवण एवढंच. नऊ वर्षं क्लबकडून खेळले, मग वेल्सच्या टीमचं बोलावणं आलं. पुढे गुडघा गेला, खाण बंद झाली, आणि ते गल्फला आले. वेल्सकडून किती मॅच, असं विचारलं तर ‘बहुत’ म्हणाले आणि बूट बांधायला वाकले.

आता महत्त्वाचं. शंभर वर्षांत या गावातून तिघेच देशाकडून खेळले. क्लबच्या भिंतीवर तिघांसाठी काचेच्या फ्रेम आहेत. दोन जुन्या जर्सी लागल्या आहेत, तिसरी फ्रेम रिकामी. सहा फेब्रुवारीला ती भरायचा कार्यक्रम आहे, आणि जर्सी आपल्याकडे आहे! निघताना त्यांनी आईकडे निळी बॅग दिली होती, आत चिठ्ठी लावून. घाईत वजन जास्त होत होतं म्हणून. लाल जर्सी आहे, छातीवर तीन पिसं. त्यांनी क्लबला शब्द दिला आहे. प्लीज लगेच पाठवा. ही एक गोष्ट सोडली तर ते इथे फक्त व्हॅनवाले आहेत.

माया आहेच, त्यातली थोडी आईलाही दे.
तुझी ओवी

अल मजाज, शारजा
१९ डिसेंबर २००९

चि. ओवी हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र सांगायला मला तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस मी अनुपमाला सांगत होते की आज माझा घसा बसला आहे.

निळी बॅग आली होती. तुझ्या आईने ती गाठोड्यांच्या ढिगात ठेवली. ती म्हणते, वेगळी ठेवली होती. लिही अनुपमा, ‘ती म्हणते’ असंच लिही. मी उघडली. जाड सुती सदरा, लाल कसला, विटून विटकरी झालेला. कोपरावर भोक, पोटावर न गेलेला चिखलाचा डाग. पिसं होती, मला वाटलं कंपनीचा शिक्का. जाणारा माणूस फाटका सदरा देतो तो गोधडीसाठीच, हे या मजल्यावर लहान पोरालाही ठाऊक आहे. टाचणी लावलेला कागद होता. टाचणी डबीत ठेवली, कागद फेकला. अक्षर आलं नाही म्हणून आजवर माझं काही अडलं नव्हतं, ओवी. या वेळी अडलं, आणि तेही दुसऱ्याचं.

बाह्या मी कापल्या, त्या थरात सपाट बसत नाहीत. मार्चपासून त्यांनीच आपण भाताचं पातेलं उतरवतो. उरलेला सदरा तू थंडीच्या मुलखात जाणार म्हणून तुझ्या गोधडीत मधोमध घातला. रोज तूच तो पांघरून झोपतेस.

गोधडी घेऊन त्याच्याकडे जा. फोनवर सांगू नकोस, समोर बस. चूक तुझ्या आईची नाही, माझी आहे, असं सांग. अनुपमा, हेही लिही. उसवायची ती खालच्या बाजूने, ब्लेड आडवं धरून. टाके माझे आहेत, एका झटक्यात सुटायचे नाहीत.

रागावला तर रागावू दे. तो बोलला नाही तर मात्र मला कळव.
तुझी आजी

कार्डिफ
८ फेब्रुवारी २०१०

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू सांगितलंस तसं समोर बसून सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, टेबल पुसलं आणि गोधडी पसरली. मला हात लावू दिला नाही. जाड बोटांनी तीन तास उसवत होते. शहनाझ आंटीच्या हिरव्या ओढणीखाली आणि माझ्या शाळेच्या शर्टाच्या वर जर्सी निघाली. बाही असते तिथे हात घातला, आणि खोकला येईपर्यंत हसले.

नंतर जे म्हणाले ते तुला सांगू नकोस असं बजावलं होतं, ‘अम्मा को मत बताना’. मी हो म्हटलं, पण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही. आजी, ते वेल्सकडून एकदाच खेळले. फ्रेंचांविरुद्ध, फक्त अठरा मिनिटं. मग गुडघा मोडला आणि उचलून बाहेर आणलं. गावात सगळ्या म्हाताऱ्यांना हे माहीत आहे, म्हणून त्यांना घरी यायला नको वाटायचं. शारजात कुणी मोजत नव्हतं. आता बिनबाह्यांची जर्सी आणि खाली एकाच मॅचची तारीख, त्यापेक्षा फ्रेम रिकामी बरी, असं म्हणून ते जाणारच नव्हते.

परवा सहा वाजता मी जर्सी घेऊन एकटीच निघाले. अर्ध्या रस्त्यात मागून त्यांची व्हॅन आली. हॉलमध्ये ते दाराशी उभे राहिले. एका मुलाने विचारलं, बाह्या कुठे? ते म्हणाले, शारजात एक अम्मा आहे, ती त्यांनी भात उतरवते. सगळा हॉल हसला. मग कुणीतरी खुर्ची पुढे केली आणि मुलं त्यांना ती अठरा मिनिटं विचारू लागली.

गोधडी शिवून झाली. जर्सीच्या जागी त्यांनी आपला खाणीतला शर्ट घातला. टाके वाकडे आहेत, बघून चिडू नकोस.

तुझ्या रागालोभाची,
ओवी

अल मजाज, शारजा
२२ फेब्रुवारी २०१०

चि. ओवी हिस आशीर्वाद. वि. वि.

त्याने सांगू नकोस म्हटलेलं सांगितलंस. आता मी सांगते ते मात्र खरोखर सांगू नकोस.

दहा वर्षांत त्याने मला शंभर मॅची सांगितल्या. शंभरही वेळा पाऊस बारीक होता, वारा डावीकडून होता, आणि समोरच्या फ्रेंच माणसाच्या कानाला पट्टी होती. एकही मॅच पुरी झाली नाही. गुडघ्यापाशी आली की तो तलावाकडे बघायचा आणि ‘यल्ला, चलो अम्मा, घर’ म्हणून उठायचा. मला अक्षर येत नाही, पण एवढं मोजता येतं. पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तरी मी दर वेळी विचारायची, आज कुठली मॅच? तो थोडा विचार करायचा, जणू निवडतोच आहे. मग आम्ही दोघं त्या चिखलात उतरायचो. तुझे आजोबा गेल्यावर मी या परक्या शहरात आले, तेव्हा कुणाचंच बोलणं मला कळत नव्हतं. त्याची ती एक मॅच पहिल्यांदा कळली. तिचा शेवट आता मुलांना सांगतो आहे, सांगू दे. मला माझी शंभर पुरे.

बाह्या धुऊन ठेवल्या आहेत. एकीची हळद निघत नाही. काचेत हव्या असतील तर पाठवते, नको असतील तर भाताला असू देत. त्याला विचारून कळव.

माझा जीव तुम्हा दोघांत आहे, जपून वापरा.
तुझी आजी

ता. क. माझ्या तव्यावर तो मनुके घालून जाडसर गोड दशम्या भाजायचा. त्यातल्या बारा त्याच्याकडून भाजून घे आणि पाठव. तू भाजू नकोस. तिकडे त्यात चरबी घालतात म्हणे, त्याला सांग, अम्माच्या बारा दशम्यांत तूपच घालायचं.