खडूची खूण

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखाना एकदाचा विकला. सह्या करून हात दुखला, घरी येऊन नुसता बसून राहिलो. नव्या मालकांना आपल्या वॉशिंग मशीनचा इतिहास हवाय, एका पानात. दर्शनी भिंतीवर लावणार म्हणे. मला चार ओळींपुढे सुचत नाही. आई तुझ्याकडेच आहे, तिला विचारून तूच लिही. बाकी ठीक, गुडघे सोडून.

माया आहेच, थोडी पत्रातूनही पाठव.
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पान पाठवतेय. बाबांनी पत्र्याच्या पिंपाला मोटर जोडली, तिथून सुरुवात केलीय. प्रत्येक नवं मॉडेल आधी आपल्या मोरीत यायचं, आई महिनाभर त्यात घरचे कपडे धुवायची आणि पटलं तरच झाकणाच्या आत खडूने बरोबरची खूण करायची, हेही आलंय. त्या खुणेशिवाय बाबा माल सोडत नसत. गळकी तीनशे मशिनं परत आली, ते कसं टाळणार? आईच्या नजरेतून एकदाच चूक सुटली, असं सौम्यपणे लिहिलंय. बाबांनी त्यावरून तिला जन्मभर टोमणे मारले आणि तिने कारखान्याची पायरी चढणं सोडलं, ते गाळलं. आईने ऐकलं आणि उठून आत गेली.

गुडघ्यांना तेल लाव, आळशी कुठला.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते वाक्य काढ. आईने ते मशीन नापासच केलं होतं, तळातून पाणी पाझरतंय म्हणाली होती. बाबा बाहेरगावी, माल द्यायची तारीख डोक्यावर, आणि मी नवा नवा साहेब. आईची पाठ वळली तशी मीच खडू उचलला. बाबा तिला बोलले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. बावीस वर्षं झाली, ताई. तिला तूच सांग, माझी छाती होत नाही.

रागाव, पण तोडू नकोस.
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी रडले, मग तुझा भयंकर राग आला. पत्र आईला वाचून दाखवलं. तिला म्हणे माल परत आला त्याच दिवशी कळलं होतं. बोलली असती तर बाबांनी तुला घराबाहेर काढलं असतं. निदान बाबा गेल्यावर तरी तू सांगशील, म्हणून ती वाट बघत राहिली.

वाक्य काढू का, विचारलं. नको म्हणाली. वाक्य राहू दे, माझ्या जागी त्याचं नाव घाल, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लिहावं, असं म्हणाली. पान पुन्हा लिहून पाठवतेय, नावाची जागा कोरी सोडलीय. लिहून झालं की घेऊन ये. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
ताई