तळ्याकडून आलेली वाटी

१२ सप्टेंबर, सहम, ओमान
पोचले बाई एकदाची! खोली छान आहे, एसी गारेगार आहे आणि खिडकीतून खजुरांपलीकडे समुद्राची निळी रेघ दिसते. अर्बाब, म्हणजे या बागेचे मालक, स्वतः कॉफी घेऊन आले आणि मग तळं दाखवायला घेऊन गेले. बंगल्यासमोर गोल, दगडी काठाचं, देखणं तळं; पण त्यावर एक पान जगत नाही. डिसेंबरात त्यांच्या मुलीच्या लग्नाची मंडळी इथे उतरणार आहेत. तोवर तळं हिरवं झालं तर मला तीन वर्षांचा व्हिसा. नाहीतर खलास, पुण्याचं तिकीट.

दादाने पैज लावली आहे, की महिन्याभरात देविका माझ्या दारात परत उभी असेल. घटस्फोटानंतर त्याच्या घरात पाहुणीसारखी राहिले तेवढं पुरे झालं. आई म्हणते, तुला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. असू दे. मी इथून हलणार नाही.

१५ सप्टेंबर
तरंगत्या झाडांचं दुखणं बहुतेक वेळा साधंच असतं. पानांच्या कडा करपल्या तर पाण्यात मीठ, पानं पिवळी पडली तर खत कमी, मधला कोंब कुजला तर कारंज्याचे तुषार. इथे तर तिन्ही रोग! विहिरीला समुद्राचं पाणी लागलंय, त्यामुळे ती मचूळ. गोड्या पाण्याचा टँकर मागवला, कारंजं बंद केलं, वर शेडनेट बांधली. मग नर्सरीतून गोंडाळ आणून सोडली. कोवळ्या कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसते, मुळं खाली सोडून मजेत तरंगते.

मदतीला रखवालदार गुलजार होता. बांगलादेशातल्या सिल्हेटचा, मोजकं बोलणारा. माझ्याआधी इथे जनार्दन नावाचा गुहागरचा माळी होता आणि तो बॅगही न घेता गेला, एवढंच त्याच्याकडून कळलं. कोकणी माणूस, घरची ओढ लागली असेल.

२० सप्टेंबर
सगळी गोंडाळ बुडाली. कुजली नाही, बुडाली! एक गड्डा काठीने वर ओढला. पानं टवटवीत, पण मुळं कात्रीने कापावीत तशी सरळ कापलेली. माशांवर आळ घ्यावा तर तळ्यात मासाच नाही. आणखी आणीन. एका डबक्यापुढे हात टेकायला आले नाही मी.

पूजेचं निर्माल्य कचऱ्यात टाकायला काही हात धजेना, आणि इथे नदी कुठून आणू? तळ्यातच सोडलं. सोडताना आईने दिलेली पितळी वाटी निसटली आणि तळाला गेली. फार हळहळले.

२१ सप्टेंबर
वाटी काठावर! घासून लख्ख. आत ती कापलेली मुळं, नीट गुंडाळी करून ठेवलेली. गुलजार शपथेवर म्हणाला, की मैडम, मैं उस पानी को हाथ नहीं लगाता. तुम्हीही त्याला काही देऊ नका, असंही म्हणाला.

मला हसूच आलं. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, ही रीत आमच्या जोशीकाकूंना जन्मात जमली नाही, आणि तळ्याला येते! मग मी का मागे राहू? वाटीत चमचाभर साखर घातली आणि ठेवली काठावर.

२ ऑक्टोबर
नवी गोंडाळ जगली! नुसती जगली नाही, तळं व्यापायला निघाली आहे. अर्बाब माशाल्ला, माशाल्ला करत काठाने फिरले आणि व्हिसाचे कागद करायला सांगितले. दादाला फोटो पाठवला. बघ म्हणावं.

वाटीची ये-जा चालू आहे. साखरेवर शंख आला. शेंगदाण्याच्या लाडवावर हिरवी काचेची बांगडी आली. कोण ठेवतं, विचारायचं सोडून दिलंय. झाडं वाढताहेत ना!

११ ऑक्टोबर
आज वाटीत चांदीची अंगठी होती. आतल्या बाजूला नाव कोरलेलं: जनार्दन.

गुलजारला दाखवली तर त्याने ती हातातही घेतली नाही. मग सगळं बोलला. जनार्दनही त्या तळ्याला रोज काहीबाही द्यायचा. त्याचीही झाडं अशीच फोफावली होती. तो गावी गेलाच नाही. बॅग खोलीत होती, चपला काठावर. पोलीस येऊन गेले, हाती काही लागलं नाही. आजच निघा, म्हणाला.

भीती वाटते आहे, खोटं कशाला लिहू? पण निघून जायचं कुठे, दादाच्या दारात? आणि अंगठीवर परत काय द्यायचं असतं? काही नाही. रिकामी वाटी ठेवून आले. रागव हवं तर.

१२ ऑक्टोबर
तळ्यावर एक पान नाही. वाटी माझ्या दाराशी. ओली.

आत नख. माणसाचं. अख्खं, मुळापासून —

पुन्हा रिकामीच ठेवली. काठावर उभी राहून मोठ्याने सांगितलं, की मी जनार्दन नाही.

१३ ऑक्टोबर
गुलजार सकाळीच गेला. मला चल म्हणाला. नाही गेले.

पंप लावून तळं उपसलं. एकटीने. तळाशी वाट्या, कॉफीचे पेले, एक तांब्या — सगळे तोंड वर करून मांडलेले. सगळे रिकामे. कुणीतरी भरेल म्हणून —

अर्बाबांना फोन केला. उद्या येतो म्हणाले, इन्शाल्ला.

१४ ऑक्टोबर, भर दुपार
टँकर आला नाही, तरी तळं काठोकाठ. गोंडाळही परत आली — अंगणात. पायरीवर. मुळं दाराच्या फटीतून —

वाटी टेबलावर आहे. दार बंदच होतं.

आत काय आहे ते बघितलं नाही. लहानपणी आमटी नको असली की मी वाटी पालथी घालायचे, आई कितीही ओरडो. तशीच घातली आता. पालथी. पुरे. माझ्याकडून काही मिळणार नाही — केस नाही, नख नाही — आणि मी इथून हलणारही नाही, ऐकलंस —

लिहिते आहे तरी.

पालथ्या वाटीखालून पाणी येतंय — थांबत नाही — वही भिजली —

वाटी उचलली जातेय. आतून. खाली बोटं — एकाला नख ना