रिफ्रेन म्हणजे आवरणं

प्रिय चिमणे,

परवा फोनवर मी तुला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा तू वर्गावर निघाली होतीस. तरी थांबून समजावलंस. रिफ्रेन म्हणजे स्वतःला आवरणं. हिरवळीवर चालू नका, मोठ्याने बोलू नका, अशा पाट्यांवर तो असतो म्हणालीस. आणि हेही सांगितलंस, की यात माणूस आपणहून थांबतो. दुसऱ्याने धरून ठेवलं तर शब्द वेगळा. अमक्याने तमक्याला रिफ्रेन केलं, असं वाक्यच होत नाही. हा शब्द मला कुठे भेटला ते मी सांगायचं टाळलं. आता सांगते.

आमच्या धुलाई कारखान्यात इस्पितळांच्या चादरी येतात. त्या तापलेल्या रोलरमधून जातात. हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे जाळी असते. जाळीत चादर अडकते, काम रेंगाळतं, म्हणून महिन्यापूर्वी ती काढली. गेल्या आठवड्यात, आम्ही जिला उंचबाई म्हणतो, तिचा उजवा हात आत गेला. अकरा वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहून काम करते. माझ्या डब्यावर तिचा माझ्याइतकाच हक्क. मी धावत जाऊन बटण दाबेपर्यंत तीन बोटं गेली होती. भेटायला गेले तर म्हणाली, "वेणी कशी घालू गं आता?" मी तिची वेणी घालून दिली.

चार दिवसांनी कारकुनाने आमच्यापुढे इंग्रजी कागद ठेवले. त्यात लिहिलं होतं, अपघात तिच्या निष्काळजीपणाने झाला, आणि आम्ही त्याबद्दल कुठेही बोलण्यापासून रिफ्रेन करू. बाकीच्यांनी खाली मान घालून सह्या केल्या. मी अर्थ विचारला तर म्हणाला, "तोंड मिटायचं, मावशी. डोकं कशाला शिणवता?" मी कागद घरी आणला आणि तुला फोन केला.

काल तो परत दिला. सहीच्या जागी लिहिलं, आय विल नॉट रिफ्रेन. माझ्या हातचं पहिलं इंग्रजी वाक्य, स्पेलिंग दोनदा तपासून. तो म्हणाला, नोकरी जाईल. जाऊ दे. आजवर मी खूप वेळा गप्प बसले आणि त्याला समजूतदारपणा म्हणत आले. आता नाही.

सोमवारी सरकारी तपासनीस येतील. जाळी कुणी काढली, हे विचारतील. चिमणे, ती तुझ्या नवऱ्याने काढली; आमच्याकडची यंत्रं तोच तर बघतो. माझ्याकडूनच पाना मागून घेतला. "ताई, दोन दिवसांत परत लावतो," म्हणाला, आणि घरचा माणूस म्हणून मीही काही बोलले नाही. तेही मी सांगणार आहे. त्याचं नाव तुला बाहेरून कळायला नको, म्हणून हे पत्र. तू रडशील, भांडशील, कदाचित मला दारही उघडणार नाहीस. मी तरी येईन. फक्त मला गप्प बस म्हणू नकोस. तुझ्यासाठीसुद्धा मी गप्प बसणार नाही.

तुझीच,
ताई