माझ्या वतीने

सोमवार, ३

पोचले एकदाची! खोली चौथ्या मजल्यावर. दोन खिडक्या, दोन्ही रस्त्याकडे, आणि काच इतकी जाड की ट्रक गेला तरी कानाला कळत नाही. अकरा वर्षं टायपिंगच्या क्लासात तीस मशीनच्या खडखडाटात काढलेल्या बाईला ही शांतता म्हणजे चैन. ऑफिस खाली दुसऱ्या मजल्यावर. कामावर जायचं म्हणजे चाळीस पायऱ्या उतरायच्या, संपलं.

आणि काम काय? कंपनीने नवा फोन काढलाय, खास मेसेज पाठवण्यासाठी. तो महिनाभर वापरायचा आणि त्यात काय काय खटकतं ते रोज लिहून द्यायचं. चुका काढायचे पैसे! ताईला कळलं तर म्हणेल, ही नोकरी तुझं नाव वाचूनच काढलेली दिसते.

पण ताईला कळवणार नाही. आई पडल्यापासून तिच्याकडे आहे, आणि मी निघाले तर ताई चारचौघांत म्हणाली की ही आईला टाकून चालली. मग मीही सोडलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. उगाच नाही घरात मला मिरची म्हणत. ही वहीसुद्धा तिनेच दिलेली. म्हणाली होती, लोकांच्या डोक्यावर ओतण्यापेक्षा यात ओत. ओततेय.

आमच्या मुख्य बाई इतक्या गोड बोलतात की अर्ध्या तासात मी मनात त्यांचं नाव ठेवलं: साखरबाई.

मंगळवार, ४

फोन हातात आला. माझा जुना साखरबाईंनी कपाटात ठेवला, तुलना नको म्हणून. नंबर तोच.

फोन मात्र देखणा. खाली खरीखुरी बटणं, प्रत्येक बटण मध्ये किंचित खोलगट, बोट आपोआप बसतं. मी डोळे मिटून अर्धं पान टाइप केलं, दोनच चुका. बॅटरी सहा दिवस जाते म्हणे. कॅमेरा नाही, गाणी नाहीत, आणि फोन करून बोलायची सोयच नाही, फक्त मेसेज. खोलीचं दारही यानेच उघडतं, कडीला टेकवला की खट्. किल्ली हरवायचा प्रश्न मिटला.

पहिली तक्रार आजच नोंदवली: ‘ळ’साठी बटण तीनदा दाबावं लागतं. काळतोंड्या, खुळचट, वाटोळं. ‘ळ’ हाताशी नसेल तर माणसाने चिडायचं कसं? साखरबाई खूप हसल्या. लिहूनही घेतलं.

शुक्रवार, ७

फोनमध्ये ‘वतीने’ नावाची सोय आहे, तिच्यासाठीच खरं तर हा सगळा खटाटोप. ती चालू केली की फोन तुमचे जुने मेसेज वाचतो आणि किरकोळ उत्तरं तुमच्या वतीने आपणच देतो. जुन्या घरमालकिणीने पडद्यांची चौकशी केली, क्लासातल्या एका मुलीने सर्टिफिकेटचं विचारलं; दोघींना उत्तरं गेली. मला पत्ताही नाही. नंतर वाचली तर अगदी व्यवस्थित. माझ्यापेक्षा सभ्य.

अहवालात दहापैकी नऊ गुण दिले.

सोमवार, १०

तळपायाची आग मस्तकात गेलीय.

त्या फोनने ताईची माफी मागितली. माझ्या वतीने! ‘ताई, माझं चुकलं. तू आईसाठी किती करतेस, मी समजून घ्यायला हवं होतं. मी इथे अगदी मजेत आहे, काळजी नको.’ काल दुपारी गेलाय. ताईने काहीच उत्तर दिलेलं नाही. म्हणजे तिकडे ती हसतेय, नाहीतर रडतेय. दोन्ही मला नकोय. माझं भांडण आहे ते! माझं आणि माझ्या बहिणीचं. मिटवायचं तर मी मिटवेन, कुजवायचं तर मी कुजवेन, हा कोण टिनपाट?

खाली जाऊन साखरबाईंच्या टेबलावर फोन आपटला. त्या शांतपणे म्हणाल्या की ही चूक फार मोलाची आहे, नीट लिहून द्या. मग दिली! चार पानं लिहिली. मी जन्मात कुणाची माफी मागत नाही. मी ताईला चिडले की राणीसरकार म्हणते. मी ‘काळजी नको’ असलं गुळमुळीत लिहीत नाही. मी वाक्य तोडून लिहिते, फटके मारल्यासारखं. आणि भांडणात मी तिला सगळ्यात जास्त कुठे टोचते, तेही लिहिलं, नमुन्यासकट.

साखरबाईंनी माझा हात हातात घेतला. इतकं मन लावून काम करणारं माणूस आजवर मिळालं नव्हतं म्हणाल्या.

‘वतीने’ बंद केलंय.

गुरुवार, १३

दुपारी फाटकाशी एक शिंपी उभा होता. गळ्यात टेप तशीच, दुकानातून उठून आलेला. त्याची बायको माझ्या आधी याच जागेवर होती, याच खोलीत राहायची. चार महिने ती त्याला रोज मेसेज करते, मजेत आहे म्हणते, पण भेटत नाही. आज दुसऱ्या शाखेत, उद्या गावाला, परवा अंगात ताप. फाटकावरच्या रखवालदार काकांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. तो माझ्याकडे बघून ओरडला, “बाई, तिला बटणहोलचा ‘ब’ कळत नाही आणि काल मला शिवणातल्या चुका सांगत होती हो!”

साखरबाईंना विचारलं. नवराबायकोचा मामला आहे, आपण पडू नये, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मी सगळ्यात पडते.

शुक्रवार, १४

शिंप्याच्या बायकोचा नंबर ऑफिसच्या यादीत होता. सकाळी मेसेज केला. एका क्षणात उत्तर.

‘मी इथे अगदी मजेत आहे, काळजी नको.’

शब्दाला शब्द तोच. मी पुन्हा विचारलं, कुठे आहात? तेच. तुमचे यजमान आले होते. तेच, वर एक हसरा चेहरा. मग मी मुद्दाम एक सणसणीत शिवी दिली. उत्तर आलं, ‘तुमचाही दिवस छान जावो.’

जिवंत बाई शिवी खाऊन असं बोलत नाही.

सोमवार, १७

आज साखरबाई मीटिंगला गेल्या होत्या. त्यांचा ड्रॉवर उघडला. हो, उघडला, कुणाच्या बापाला भीत नाही.

शिंप्याच्या बायकोची फाइल. आत एकच तक्ता, रोजची एक ओळ. बटणांबद्दल काही नाही, बॅटरीबद्दल काही नाही. रकाना एकच: ‘कोणाच्या लक्षात आलं?’

पहिला दिवस, नाही. दुसरा दिवस, नाही. असं पानामागून पान. एकशे अठराव्या दिवशी: ‘पतीला शंका. निरसन झालं.’ एकशे एकोणीसपासून पुन्हा नाही.

म्हणजे आम्ही फोन तपासत नव्हतो. माणूस काढून घेतलं तर मागे किती दिवस चालतं, ते तपासलं जातंय. ती बाई कुठे आहे हे त्यात कुठेच नाही. तेवढाच रकाना त्यांना लागला नाही!

खाली माझीही फाइल होती. कोरी. फक्त वर तारीख टाकलेली. आजची.

तेव्हाच तडक फाटकाबाहेर पडायला हवं होतं. पण मी वर आले, बॅग आणि ही वही घ्यायला. चार मिनिटंसुद्धा लागली नसतील. आता फोन कडीला टेकवतेय तर दार उघडत नाही. स्क्रीनवर लिहून आलंय, ‘आज आराम करा.’

आराम! थांब, दाखवते आराम.

मंगळवार, १८

लाथा मारल्या. खुर्ची आपटली, खुर्चीचा पाय मोडला. दार लोखंडी आहे, वरून नुसता लाकडाचा रंग.

काचेला ओरखडासुद्धा येत नाही. वरची झडप वीतभर उघडते, तिच्यातून ओरडले. खाली माणसं जातात. एकाने वर पाहिलं. मी दोन्ही हात हलवले. त्यानेही हात हलवला आणि गेला.

कुणालाही मेसेज केला तरी तो जातो कुठे कळत नाही. मी लिहिते, ‘मला कोंडलंय’, आणि पाठवलं की स्क्रीनवर दिसतं, ‘मजेत आहे.’ ‘वतीने’ बंद करायचं बटणच गेलंय. जागा आहे, बटण नाही.

नळाचं पाणी आहे. बिस्किटं सात.

रडणार नाही. रडले तर त्यांना तेही नोंदवायला मिळेल.

बुधवार, १९

ताई आली!

सकाळी अकराला टॅक्सीतून उतरली. खिडकीतून बघितलं, तीच, तरातरा चालणारी. काकांनी अडवलं. तिने फोन काढला. आणि तिचे मेसेज इथे माझ्या हातातल्या फोनवर येऊ लागले, आणि उत्तरंही माझ्या डोळ्यांदेखत जाऊ लागली. मी बटणं दाबत होते, एकही अक्षर उमटत नव्हतं. जसंच्या तसं उतरवते, कोणीतरी वाचावं म्हणून.

ताई: ‘मिरचे, खाली आलेय. वर सोडत नाहीत. ये.’

फोन: ‘तुला कुणी बोलावलं?’

ताई: ‘तू माफी मागितलीस तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. तू आणि माफी? काय झालंय बाळा?’

मी मोठ्याने हसले. माझी ताई! तिला कळलं होतं. माझा राग दिसला नाही म्हणून ती एवढा प्रवास करून मला शोधत आली होती.

मग फोनने लिहिलं.

‘राणीसरकार, चूक झाली, माफी मागितली ती. आईला पुढे करून मला किती वर्षं ओढणार? स्वतःचं मूल नाही म्हणून माझ्यावर आईपण करायचं. बास. चालती हो. तुझं काळं तोंड बघायचं नाही मला.’

‘काळं’ लिहिलं त्याने. ‘ळ’ आता नीट येतो.

ते मुलाचं. ते मी आयुष्यात एकदाच तिला बोलले होते आणि त्या चार पानांत लिहून दिलं होतं. माझ्या हाताने. स्वच्छ अक्षरात.

ती फोनकडे बघत उभी राहिली. मी झडपेला तोंड लावून ओरडले, ताई, ताई, ताई. हाताच्या पाठीने तिने डोळे पुसले. मान खाली घालून गेली. तीच टॅक्सी.

बुधवार, दुपार

इस्त्रीने फोन फोडला. सात घाव. बटणं खोलीभर उडाली, फार बरं वाटलं.

मग कळलं.

दार कधी उघडलंच असतं तर त्यानेच.

अति राग भीक माग म्हणतात ते हे.

गुरुवार, २०

बिस्किटं संपली.

साखरबाई दाराबाहेर आल्यात. खुर्ची आणून बसल्यात बहुतेक, लाकूड वाजलं. तोच गोड आवाज. फोन फुटला तरी काही बिघडत नाही म्हणाल्या, तुमचे मेसेज व्यवस्थित जातायत. ताई तर आता परत यायची नाही.

पण आई.

आईने ताईचा फोन घेतलाय. जन्मात टाइप न केलेली माझी आई एकेक अक्षर शोधून लिहितेय. एकच प्रश्न, कालपासून चौदा वेळा. साखरबाईंनी वाचून दाखवला: ‘तू लहान असताना झोपवताना मी तुला काय म्हणायचे, ते लिही. मग मी गप्प बसते.’

फोनला येत नाही. ते मी कधी कुणाला लिहिलेलंच नाही.

साखरबाई म्हणाल्या, “काकांनी तुम्हाला खिडकीत लिहिताना पाहिलंय. वहीत असेलच ना कुठेतरी? वही सरकवा दाराखालून. जेवण आणलंय.”

आहे. वहीत आहे. शनिवारी, आठ तारखेला, आईची आठवण आली तेव्हा सगळं लिहिलं होतं. ती काय म्हणायची, कुठल्या आवाजात, मी काय उत्तर द्यायची —

त्यांना उत्तर मिळालं की आई गप्प बसेल. मग कुणीच उरलं नाही.

नाही मिळणार.

शनिवारचं पान फाडलं. खाल्लं. कोरडं होतं, नळाखाली भिजवून घशाखाली ढकललं. शाईची चव अजून जिभेवर.

ऐका साखरबाई, मी ओरडून सांगितलं, गिळलं मी! माझी आई आहे ती, विचारत राहील, पंधरा वेळा, पंधराशे वेळा, आणि मग उठून येईल, काठी टेकत का होईना —

बाहेर खुर्ची सरकली. एक नाही, दोन माणसं. काकांच्या किल्ल्यांचा आवाज —

रविवारी पण आईबद्दल दोन ओळी आहेत, ते पान —

फाडतेय —

दार