सात आठवायचा नाही

१ तारीख, सकाळ
लॉटरी बंद. कायमची. सासऱ्यांनी काल बायकोसमोर बजावलं: पुन्हा तिकीट दिसलं तर लाँड्रीचा काउंटर मेहुण्याकडे. मेहुण्याला शर्ट कुठला आणि ब्लाऊज कुठला कळत नाही. मी शांतपणे सांगितलं की मी जुगारी नव्हे, विचारी माणूस आहे. विचारांवर माझा पूर्ण कंट्रोल आहे.

३ तारीख
तिकीट घेतलं नाही. नुसता आकडा मनात आणला. चार. निकाल, चार! म्हणजे डोकं बरोबर चालतंय. काल-परवाचे आकडे चुकले, पण तेव्हा लक्ष इस्त्रीत होतं. ते धरायचे नाहीत.

४ तारीख
शोध लागला. आपणहून मनात येतो तो आकडा खरा. त्याच्यावर फार विचार केला की तो नासतो. तेव्हा विचार न करण्याचा सराव सुरू. दुपारभर केला. एका पॅंटला इस्त्रीचा डाग.

६ तारीख, सकाळ
दात घासताना सात आला. आपणहून. आता सोडतीपर्यंत तो आठवायचा नाही. पण आमच्याकडे प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी. सात, सतरा, सत्तावीस. जिकडेतिकडे सात.

६ तारीख, दुपार
सात असलेल्या सगळ्या चिंध्या कातरून टाकल्या. मन स्वच्छ झालं.

सहाच्या दुसऱ्या दिवशी
(तारीख लिहीत नाही.) एक तिकीट घेतलं. जुगारी माणूस ओढ लागते म्हणून घेतो, मी कंट्रोल तपासायला घेतलं. तिकीटच नसेल तर तपासणार काय, डोंबल?
गिऱ्हाइकं आली. बिनचिंधीचे कपडे मी चेहरा बघून ओळखून दिले. चेहऱ्याकडे नीट बघितलं की कपडा आपोआप सुचतो. ही शक्ती वाया चालली होती.

८ तारीख
निकाल, दोन. चूक बँकेच्या मॅनेजरची. काउंटरवर येऊन मोठ्याने ‘सत्तावीस’ म्हणाला, तिथेच सात नासला. शिवाय घरी त्याच्या पिशवीत नर्सबाईंचा युनिफॉर्म निघाला. नर्सबाईंना बँडवाल्याचा सोनेरी झालरीचा कोट. बँडवाला तर बनियनवरच आला. सगळे एकदम. सासऱ्यांनी कात्री मागितली, ती काढताना खिशातून तिकीट पडलं. बायकोने उचललं.
म्हणाली, “बाबा म्हणत होते, हे आठवडाही काढणार नाहीत. मी म्हटलं, या वेळी काढतील.”
मग लक्षात आलं, पैज तिनेही लावली होती. पण ती लावली होती माझ्यावर. हे बोलून दाखवायचं धैर्य झालं नाही.

१० तारीख
काउंटरवर मेहुणा. मी मागे, वाफेच्या इस्त्रीपाशी. “भावोजी, हा ब्लाऊज का?” म्हणून त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा शर्ट होता.
दुपारी बायको डबा घेऊन आली. सवयीने काउंटरवर गेली, थबकली, मग मागे आली. डबा ठेवून माझ्याशेजारी बसली. फार बरं वाटलं. आता हे सगळं संपलं, मनातसुद्धा आकडा आणणार नाही, असं तिला सांगितलं. अगदी मनापासून.
ती डबा उघडायला लागली. मनातल्या मनात कोबी लावला. बटाटा निघाला.